बिनमाडीचे फुगे

गेल्या मोसमात माझ्या पुतण्याच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात पहिल्या पंगतीला रिवाजाप्रमाणे आधी कडक फुगे वाढले. वाटोळे, बसके, चावताना दाताला प्रश्न पडावा असे. त्यातला एकेक प्रत्येकानं खायचा, मग खरे मऊ फुगे येतात. आमच्या देवळात नुकतेच बदलून आलेले फादर मोठे अभ्यासू गृहस्थ. त्यांनी तो कडक फुगा हातात धरून उभं राहून सांगितलं की इस्राएली लोक मिसर देशातून घाईनं निघाले तेव्हा पीठ आंबायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बिनखमिराची भाकर खाल्ली, आणि या भोळ्या खेडुतांनी ती आठवण किती श्रद्धेनं जपली आहे पाहा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला असा ठसका लागला की दोन सुना पाठ चोळायला धावल्या. कसला मिसर आणि कसलं काय! तो रिवाज आमच्या मागच्या परसात जन्मला, डुकरांच्या खोपटापासून पाच हातांवर, आणि तो जन्मला तेव्हा मी तिथे उभी होते, नाक पुसत. आता त्या दिवशीची फक्त मीच उरले आहे. मी गेले की फादरांचंच खरं होऊन बसेल. म्हणून लिहून ठेवते.

ज्यांच्यात फुगे करत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पीठ, अंडी, नारळाचं दूध घालून सैलसर कालवायचं, रात्रभर आंबवायचं, आणि मुठीतून पिळून कढत तेलात सोडायचं. टम्म होऊन वर येतात. पण पीठ आंबणार कशानं? माडीनं. माडाच्या पोयीतून, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्यातून, निघते ती माडी. आमच्या पाड्यातले पुरुष ती पिऊन भांडायचे आणि बायका ती पिठात घालायच्या, आणि दोन्हीकडे तिचं काम एकच, फुगवण्याचं. लग्नाला, बारशाला, नाताळाला फुगे हवेतच. फुगे नसले तर पाद्रीबाबांनी मंत्र म्हटले तरी लग्न अर्धंच लागलं असं आमच्या म्हाताऱ्या म्हणायच्या.

आमचा पाडा ठाण्याच्या खाडीला लागून. चाळीसेक घरं, त्यांतली बहुतेक माडी काढणाऱ्यांची. बा, म्हणजे माझा बाप इनास, सगळ्यांत जुना चढणारा. पहाटे मला जाग यायची ती कोंबड्यानं नव्हे, तर वरून येणाऱ्या टकटक आवाजानं. माणसं माडाच्या शेंड्यावर बसून पोयीला हलक्या हातानं ठोकत असायची, म्हणजे रस मोकळा होतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गप्पा चालायच्या. कोणाची गाय कुठे शिरली, कोणाची सून विहिरीवर किती वेळ रेंगाळली, सगळं त्यांना वरून दिसायचं आणि ते ओरडून एकमेकांना सांगायचे. खाली आम्हा बायकामुलींना काहीही लपवायची सोय नव्हती. एकदा मी परसात बसून चोरून खारवलेली कैरी खात होते, तर आभाळातून आवाज आला, "रेजिना, दात आंबतील गो!" मी देवदूतच बोलला समजून क्रूस काढला. तो आमचा शेजारी पास्कू होता.

मग एका वर्षी अबकारीवाले आले. प्रत्येक माडावर डांबरानं आकडा घातला आणि झाडामागे कर इतका वाढवला की माडी विकून जे हाती येईल त्यातलं बरंचसं आधी त्यांच्या हातावर ठेवायचं. झाड आटलं, वाऱ्यानं मोडलं, तरी कर सुटायचा नाही. बा अर्ज घेऊन ठाण्याच्या कचेरीत गेला तेव्हा त्याला पायरीवर दिवसभर बसवलं आणि संध्याकाळी उद्या ये म्हणून सांगितलं. असं बरेच वेळा झालं. शेवटी रविवारी देवळातली मिस्सा सुटल्यावर बानं पाड्याच्या तोंडाशी असलेल्या दगडी क्रूसाला हात लावला आणि म्हणाला, "कर उतरेपर्यंत माझी कोयती झाडाला लागणार नाय. लागली तर मला वाळीत टाका." एकापाठोपाठ एक सगळ्यांनी हात लावला. खाडीपलीकडच्या दोन पाड्यांनीही लावला. बायकांना कोणी विचारलं नाही. आई घरी येताना एवढंच म्हणाली, "शपथ तुम्ही घेतली, चूल मला पेटवायची हाय."

खरं सांगते, आम्हा पोरांना पहिले काही दिवस फार मजा वाटली. जन्मभर झाडावर राहिलेले पुरुष सगळे एकदम जमिनीवर आले, आणि जमिनीवर काय करायचं असतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. बा घरभर फिरायचा. आई मासळी साफ करत असली की मागे उभा राहून, "असं नाय, उलट्या बाजूनं काप," असं सांगायचा. मडकी मोजायचा. एकदा त्यानं आईची चूलच हलवून वाऱ्याच्या दिशेला तोंड करून मांडली, आणि सगळा धूर घरात. आई पाद्रीबाबांकडे तक्रार घेऊन गेली की कर राहू द्या, पण माझा नवरा झाडावर पाठवा. दुसरीकडे, वरून बघणारं कोणी उरलं नाही म्हणून पाड्यातल्या तरुण पोरांना रान मोकळं झालं. त्या वर्षी जितकी लग्नं पुढे ठरली तितकी कधीच नसतील ठरली. पण पहाट मात्र मुकी झाली होती. जाग आली की मी कान देऊन पडून राहायचे, आणि ती टकटक येत नाही म्हणून मला रडू यायचं. का ते तेव्हा कळत नव्हतं.

हळूहळू मजा ओसरली. भातावर सुका जवळा, दुसऱ्या दिवशी पेजेबरोबर सुका जवळा, मग नुसती पेज. घराघरातलं आंबवलेलं पीठ संपलं आणि फुगे, पोळे, सगळंच बसलं. बायकांनी ताक घालून बघितलं, उडदाचं पीठ घालून बघितलं. आईनं एकदा भाताची शिळी पेज घातली, त्या फुग्यांचा वास असा आला की डुकरांनीही मान फिरवली. पाड्यात फुगलेलं काही दिसेना. आणि इथेच गंमत झाली. कोणाच्या घरी चुकून काही मऊ, जाळीदार झालं की लगेच कुजबुज व्हायची, यांनी चोरून माडी काढली. एका म्हातारीची भाकरी जरा फुगली तर तिच्या मुलाला चार जणांसमोर क्रूसाला हात लावून पुन्हा शपथ घ्यावी लागली. बायका एकमेकींकडे गेल्या की आधी ताटातल्या घासात अंगठा दाबून बघायच्या. कडक निघाला की हसून जेवायला बसायच्या. चांगला स्वयंपाक करणं हा गुन्हाच होऊन बसला होता.

त्यातला सगळ्यांत मोठा अंगठा पास्कूचा. तोच, देवदूत. घरात पाच तोंडं, त्यात नुकती बाळंतीण बायको, आणि घरात दाणा नाही. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. एक दिवस तो आमच्या ओट्यावर येऊन बाला म्हणाला, "इनास, मी अजून थांबतोय तो फक्त तुझ्याकडे बघून. आता पुढच्या आठवड्यात तुझ्या कात्रीनचं लग्न हाय. तुझ्या मांडवात जर मला फुगलेला फुगा दिसला ना, तर दुसऱ्या दिवशी पहाटे मी झाडावर असेन. आणि मी एकटा नसेन, सांगून ठेवतो."

बा म्हणाला, "दिसणार नाय."

"बघू," पास्कू म्हणाला आणि जाताना त्यानं टोपलीतल्या भाकरीत अंगठा दाबून बघितलाच.

कात्रीन माझी थोरली बहीण. तिचं लग्न शपथेच्या आधीपासून ठरलेलं. नवरा कल्याणला रेल्वेत फिटर, स्वभावानं गरीब, पण त्याची आत्या फिलूबाय म्हणजे तोंडाचा पट्टा. त्यांच्याकडे शपथबिपथ काही नव्हतं. तिनं आधीच निरोप पाठवलेला की आमच्याकडून दोन होड्या भरून माणसं येतील, आणि इनासच्या बायकोच्या हातचे फुगे खाडीभर नावाजलेले, तेव्हा बघूच. आईच्या हातचे फुगे खरंच नावाजलेले होते. बारा कोसांवरून बायका तिला लग्नाला पीठ कालवायला बोलवायच्या. या एका गोष्टीवर आई नाक वर करून चालायची, दुसरं तिच्याजवळ होतं काय? आणि आता स्वतःच्या मुलीच्या लग्नात ती धोंडे वाढणार होती. कात्रीन उशीत तोंड खुपसून म्हणायची, "फिलूबाय मला मरेपर्यंत ऐकवेल गो, धोंड्यांची सून म्हणून."

लग्नाला आगाशीहून आमची एक मावशी आली. तिनं सुकेळी आणली, उन्हात वाळवलेली पिकली केळी, काळीभोर आणि चिकट. आईनं खिरीत घालायला म्हणून ती मडक्यात पाण्यात भिजत टाकली आणि लग्नाच्या धांदलीत विसरून गेली. खिरीचा बेत बदलला, मडकं चुलीच्या मागे उबेत राहिलं. लग्नाच्या आदल्या दुपारी मी तिथे मांजर शोधत गेले तर मडकं सुसू करत होतं. मी किंचाळले की आत साप आहे. आई झाकण काढून बघते तर वर फेस, बुडबुडे, आणि गोडसर आंबूस वास. थेट सकाळच्या माडीसारखा. आई मडक्यात नाक घालून बराच वेळ तशीच राहिली. मग माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, ते पाणी गाळलं, पिठात घातलं, वर ओलं फडकं टाकलं, आणि नवरीच्या आंघोळीची गाणी म्हणायला बायकांच्यात जाऊन बसली. त्या दिवशी तिच्याइतकं मोठ्यानं कोणी गायलं नसेल.

पहाटे आम्ही तिघी परसातल्या चुलीपाशी. पुरुष सगळे पुढच्या मांडवात झोपलेले. आईनं फडकं उचललं. अगं माझे आई! पीठ परातीबाहेर उतू आलं होतं. वर जाळी, बोट लावलं की हळूच थरथरायचं. आईनं एक मूठ पिळून तेलात सोडली आणि तो फुगा असा टम्म होऊन वर आला की कात्रीननं टाळीच वाजवली. आम्ही तो तिघींत फोडून खाल्ला. कित्येक महिन्यांनी तोंडात काहीतरी मऊ, फुगलेलं गेलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, जीभ भाजल्यामुळेही असेल.

आणि मग आईचा चेहरा पडला. तिला आधी सुचायला हवं होतं, पण ती आनंदात होती. "पास्कू," ती म्हणाली.

कात्रीन म्हणाली, "त्याला मडकं दाखवू. सुकेळी दाखवू."

"सुकेळ्यांनी पीठ फुगतं म्हणून कोण मानेल? आम्ही जन्मभर माडी घातली, मीच मानलं नसतं. पुन्हा करून दाखवायला दोन-तीन दिवस हवेत. होड्या दोन घटकांत येतील." आई खाली बसली. "इनासच्या मांडवात टम्म फुगे, हेच लोकांना दिसेल. उद्या सकाळी निम्मा पाडा झाडावर असेल. एवढ्या पोरांनी एवढे दिवस पेज पिऊन काढले ते सगळं पाण्यात."

तेल नुसतं तापत होतं. मी पिठाकडे बघत होते. इतकं सुंदर पीठ मी पुन्हा आयुष्यात पाहिलं नाही.

आई कात्रीनला म्हणाली, "लग्न तुझं हाय. उद्यापासून त्या घरात तुला राहायचंय, मला नाय. तू सांगशील तसं करते. फुगे हवेत तर हे तळते, आणि तुझ्या बाचं काय व्हायचं ते होईल."

कात्रीन नवरीच्या हळदीच्या अंगानं तिथे बसली होती, आणि आधी ती पोटभर रडली. मग तिनं नाक पदराला पुसलं, कोठीतलं सूप उचललं आणि त्यातलं कोरडं पीठ भसाभस परातीत ओतलं. "मळ आता," ती म्हणाली, "आणि चांगले दगड कर. अर्धवट नको. ऐकायचंच हाय तर पुरतं ऐकीन."

आईनं बाही वर केली आणि ते पीठ असं मळलं, असं तुडवलं की त्यातला जीव गेला. वर आणखी पीठ, आणखी बुक्क्या. घट्ट गोळे वळून लगेच तळले. मळताना ती रडत होती आणि मध्येच हसतही होती. म्हणत होती, "वाईट करायला पण हात लागतो गो."

होड्या आल्या, देवळात लग्न लागलं, मडक्याला कातडं लावलेलं घुमट वाजलं, पंगत बसली. पानावर फुगे पडले तेव्हा आवाज झाला, खरोखर आवाज झाला. फिलूबायनं एक उचलला, दाताखाली धरला, बाहेर काढला, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इनासबायचे फुगे म्हणून नाव ऐकलेलं. हे खायचे की होडीचा नांगर करायचा?" त्यांच्याकडची माणसं खोखो हसली. आई वाढणं हातात घेऊन उभी होती. खाडीभर नावाजलेली माझी आई मान खाली घालून म्हणाली, "जमले नाय या वेळेला." मला वाटलं फिलूबायच्या झिंज्या ओढाव्यात.

तेवढ्यात समोरच्या ओळीतून पास्कू उठला. त्यानं पानावरचा फुगा घेतला, अंगठा दाबला. अंगठाच दुखला असावा. मग चावला. मग दाढेनं फोडला, कडकडा चावून गिळला आणि दुसरा घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "नांगर काय म्हणतेस फिलूबाय," तो ओरडला, "आमच्या इनासची शपथ हाय ही! दात पडले तरी चालतील, आणखी आण!" आणि पाड्यातला एकेक पुरुष आणखी मागू लागला. बायकाही. मुलंही. हसत, गाल धरत, एकमेकांना दाखवत सगळी परात संपवली. कल्याणकर मंडळी तोंड उघडं टाकून बघत राहिली की हे कसले वेडे. फिलूबाय कात्रीनला विचारते, "तुमच्यात हे आवडीनं खातात?" कात्रीन घुंगटातून म्हणाली, "रोज." पुढे फिलूबायला खरं कळलं तेव्हा तीच शेजारणींना अभिमानानं सांगायची, पण त्याला वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकही माणूस झाडावर गेला नाही. पावसाळा तसाच काढला. पावसाळ्यानंतर अबकारीचा साहेब घोड्यावरून आला, माडाखाली वाढलेलं गवत बघून गेला, आणि पुढे कर उतरला. सगळा नाही, पण झेपेल इतका. टकटक परत सुरू झाली आणि बायकांच्या चोरून खाण्यावर पुन्हा वरून टीका होऊ लागली. पण पाडा पहिल्यासारखा राहिला नाही. आपण सगळे मिळून नाही म्हटलं की वरच्यांना खाली उतरावं लागतं, हे एकदा कळलं ते कळलं. पुढे तरीच्या, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीच्या, ठेकेदारानं कोळणींच्या टोपलीमागे जादा मागितलं तेव्हा बायका धक्क्यावर टोपल्या घेऊन बसून राहिल्या, आणि त्यांत पुढे माझी आई होती. तेव्हा मात्र नवऱ्यांना कोणी विचारलं नाही. आणि लग्नात आधी कडक फुगा खायचा, मग मऊ, हे तेव्हापासून सुरू झालं ते झालंच. फादर म्हणोत काही.

पण लिहायला बसले ती त्या लग्नाच्या संध्याकाळसाठी. होड्या परत गेल्या होत्या, कात्रीन गेली होती, घर भकास झालं होतं. बा ओट्यावर बसला होता, आई भांडी घासत होती. मी दारात.

बा म्हणाला, "पहाटे परसातून आंबूस वास आलेला."

आईचा हात थांबला.

"मी पाणी प्यायला उठलेलो. दारातूनच परत फिरलो. म्हटलं, पोरीचा दिवस हाय, आणली असेल तू कुठून थोडी माडी. विचारायचं नाय ठरवलं. उद्या मीच क्रूसाजवळ जाऊन सांगणार होतो की शपथ माझ्या घरात मोडली, मला टाका वाळीत, बाकीचे टिकून राहा." तो घसा खाकरून म्हणाला, "मग पंगतीत ते धोंडे बघितले. फेकून दिलीस ना ती माडी? बरं केलंस."

"माडी?" आई उठून उभी राहिली. हातात राखेनं भरलेली नारळाची शेंडी. "माडी? अरे मेल्या, तू समजलास मी माडी आणली? मी? सगळ्या खाडीसमोर माझं नाक कापून घेतलं ते कोणासाठी?" तिनं ती शेंडी भिरकावली, ती बाच्या कानाला लागली. मग ती रडत, ओरडत सगळं सांगू लागली, सुकेळी, मडकं, कात्रीन, सगळं. बाला काही कळेना. सुकेळ्यांनी पीठ फुगतं हे तो तीनदा म्हणवून घेऊनही मानेना.

शेवटी आईनं फळीवरून वाटी काढली. मळायच्या आधी तिनं मूठभर पीठ राखून ठेवलेलं, ते मलाही ठाऊक नव्हतं. चुलीत काटक्या सारल्या, कढईच्या तळाशी उरलेलं तेल तापवलं आणि एकच फुगा तळला. तो टम्म, सोनेरी, हलका. तिनं तो बाच्या हातावर ठेवला. बानं तो फोडला, आतली जाळी उजेडाला धरून बघितली, वास घेतला. त्यात माडी नाही हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? त्यानं अर्धा खाल्ला आणि उरलेला हातात धरून बसला.

"पास्कूला हा दाखवला असता," आई म्हणाली, "तर त्यानं विश्वास ठेवला असता काय?"

"नाय," बा म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "मीच नाय ठेवला गो."

आईनं त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या हातातला उरलेला अर्धा फुगा काढून घेतला आणि तिथेच उभी राहून, सावकाश, सगळा स्वतः खाल्ला.